तातोबाचा फेटा आणि दरबारचा दिवा

"बोर्ड दुरुस्त झाला पाहिजे आणि दरबारचा दिवा विझता कामा नये," हिरडगावच्या महाराजांनी फर्मावलं. "क्षणभर जरी विझला, तर तातोबा, तू वेशीबाहेर. बिऱ्हाडासकट."

तातोबा वायरमननं हातातला पेचकस हळूच पाठीमागे नेला.

झालं होतं असं. राजकन्येच्या लग्नाआधी राजवाडा तपासायला तपासनीस आला. विजेचा बोर्ड उघडला आणि तो मागेच सरकला. तारांचं रबर वितळलेलं, जोड ढिले, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि फ्यूजच्या जागी चांगली बोटाएवढी तांब्याची तार! तीही महाराजांच्याच हुकमानं बसलेली. पूर्वजांच्या तसबिरीपुढे पिढ्यान्‌पिढ्या नंदादीप तेवायचा. गावात वीज आल्यावर महाराजांनी हौसेनं त्या जागी बल्ब लावला. फ्यूज उडाला तर बल्ब जाणार, म्हणून उडणारच नाही अशी तार.

"हे आजच्या आज सुधारा," तपासनीस म्हणाला, "नाहीतर लग्नात होम वेगळा पेटवावा लागणार नाही."

"महाराज," तातोबा चाचरत म्हणाला, "मेन बंद केल्याशिवाय बोर्डात हात कसा घालू?"

"का? वीज तुझ्या हाताला ओळखते, असं तूच बाजारात सांगतोस ना?"

सांगत होता खरा. ओळखते काय, वाकून नमस्कार करते, असंही सांगायचा. प्रत्यक्षात हा गडी घरचं बटणसुद्धा लाटण्यानं दाबायचा. पण बढाईचं हेच वाईट. मारताना कुणी अडवत नाही, निस्तरताना कुणी सोडवत नाही.

हातांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवून तातोबा लाकडी स्टुलावर चढला. कुलदैवताची आठवण केली, डोळे घट्ट मिटले आणि पेचकस पुढे केला. आता डोळे मिटून पेचकस चालवणारा कारागीर तो एकटाच! पेचकस घसरला, चर्रकन ठिणगी उडाली आणि फेट्याचा शेमला पेटला.

दिवाणजी पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"पाणी नको, दिवाणजी. आधी समई आणा."

डोकं तापल्याशिवाय ह्यांचं चालत नाही, असं तातोबाची बायको नेहमी म्हणायची. इतकं तापावं असं तिच्याही मनात नसेल. पेटता शेमला हातभर लांब धरून तातोबानं समईची वात लावली, मग फेट्याचं ते जळतं टोक तांब्यात बुडवलं आणि खाडकन मेन बंद केला. बल्ब गेला.

महाराज गादीवरून उठले. "विझला."

"विझला नाही, महाराज. हलला. नंदादीप घासायचा तर घरची बाई काय करते? त्याच ज्योतीवर आधी समई लावून घेते. बल्बाची वीज ह्याच बोर्डातली आणि समईची ठिणगीही ह्याच बोर्डातली. ज्योत तीच. वाटेत माझ्या डोक्यावर मुक्कामाला होती, एवढंच."

महाराज पुन्हा बसले. तातोबानं जळक्या तारा बदलल्या, जोड आवळले, अर्थिंगची तार बागेत पुरली, फ्यूजला बारीक तार घातली. मग मेनकडे वळला.

"थांब," महाराज म्हणाले. हट्टी माणूस हरला तरी उठत नाही. "बटण दाबलंस तर ती नवी ज्योत झाली. जुनी तुटली. समईची ज्योत जशीच्या तशी त्या काचेत चढवून दाखव. नाहीतर वेस मोकळी आहे."

तातोबानं जळका फेटा पिळला.

"महाराज, थोरले महाराज गेले तेव्हा आपण पाळण्यात होतात. गादी कुणी सांभाळली?"

"आईसाहेबांनी."

"मग मोठेपणी आपल्याला गादीवर बसवलं, तेव्हा आईसाहेबांना आपल्या अंगात चढवलं होतं का?"

दिवाणजींना ठसका लागला.

"नाही ना? आपण बसलात, मगच त्या उठल्या. गादी रिकामी राहिली नाही, म्हणून वंश अखंड. ही समईही गादी सांभाळून बसलीय, महाराज. धाकट्याला बसवू का?"

महाराजांच्या गालफडांत हसू दाटलं, मग पोटात शिरलं आणि शेवटी असं फुटलं की तसबिरीतले पूर्वजही हलले.

"बसव, बसव!"

बल्ब लागला. मग समई मानानं बाजूला झाली. महाराजांनी आपल्या डोक्यावरचा जरीचा मंदिल तातोबाच्या डोक्यावर ठेवला आणि राजवाड्याच्या विजेचं काम त्याला वंशपरंपरा देऊन टाकलं, मेन बंद करण्याच्या अधिकारासह. तातोबानं लवून मुजरा केला आणि 'वंशपरंपरा' ऐकून मनातल्या मनात मुलाची माफी मागितली.