कानावरचं जू

"मग तुम्हीच सांगा महाराज, कोनता घेऊ? कानाला टोचनार न्हाई, तापनार न्हाई, आन बाहेरचा आवाज सुईएवढाबी आत येनार न्हाई. असा हाय का कुठं?"

उत्रेश्वरनं पिशवी उपडी केली. शिवगीर महाराजाच्या पुढ्यात हेडफोन पडले. समदे कान झाकनारे, मोठ्या वाट्यांचे. एक काळा, एक लाल, एक पांढरा.

महाराज मठाच्या वट्यावर कालवलेल्या हळद-लोन्याची वाटी घिऊन बसले व्हते. उद्या पोळा. आज सांजंला गावात खांदमळन. वरीसभर जू वढून बैलाचे खांदे सोलपाटत्यात, ते आदल्या सांजंला हळद-लोन्यानं मळायचे आन बैलाला जेवनाचं आवतन द्यायचं, ही रीतच.

महाराजानं काळा हेडफोन उचलला. "ह्यो का न्हाई चालला?"

"त्याची गादी नेमकी कानावरच बसती. बाळी दाबती माझी. पाळी सुजली."

"आन ह्यो लाल?"

"रेक्झिनची गादी. घामानं कान उकडून निघतो, कनसावानी."

"पांढरा तर मऊ दिसतोय."

"मऊ हाय. वाट्याबी खोल. समदा कान आत बसतो. पन वरची पट्टी अशी आवळती, जनू अडकित्ताच. कानशिलं ठनकत्यात."

महाराजानं त्याची हनुवटी धरून मान वळवली. कानामागची साल निघाली व्हती. लाल, ओलं.

"जू लागल्यावानी दिसतंय."

"मी काय जनावर हाय का?" उत्रेश्वर भडकला. तसा तो भडकायचाच. गवताची गंजी, ठिनगी लागली की भक्कन. गावात त्याच्या तोंडाला कुनी लागत नसं. फकस्त महाराजापुढं जरा दबून असायचा. पन आज तेबी जमत नव्हतं.

"कशाला पायजे येवढं?"

"ध्यानाला. तुम्हीच शिकवलं न्हवं? इतक्या वर्सात तुमच्या एकाबी चेल्याला माझ्यावानी बसता येतं का, सांगा! मांडी घातली की दगूड. पन आवाज आला की समदं फिसकटतं."

"कशाचा आवाज?"

उत्रेश्वर पिशवीचा बंद बोटाला गुंडाळाय लागला.

...

"कशाचा रं?"

"बैलाचा."

आख्ख्या गावाला ठावं व्हतं. औंदा अखितीच्या सनाला उत्रेश्वर आन त्याचा थोरला भाऊ भागवत वायले झाले. भांडी वाटली, रान वाटलं, गोठ्याच्या मधी भित घातली. र्‍हायली बैलजोडी. एकानं ठिवून घ्यावी, दुसऱ्यानं सोडावी, तर दोघंबी हटून बसले. "तू घे" म्हनायची कुनाचीच जीभ उचलंना. मग काय, जोडीच फोडली. चांद्या उत्रेश्वरला, मोरक्या भागवतला. भितीच्या अल्याड एक, पल्याड एक. एकल्या बैलानं कुठं नांगर चालतो? दोघंबी भाड्याचा ट्रॅक्टर सांगायचे आन एकमेकाकडं बघून थुकायचे.

आन बैलं हंबरायची. ह्यानं हाक दिली की भितीपल्याडनं त्यानं द्यायची.

"वासरं असल्यापासनं एका दावनीला व्हती ती," महाराज म्हनले.

"मग म्या काय करू? त्या भागवतचे पाय धरू? त्यो म्हनं कानात कापसाचे बोळे घालून हिंडतो. अडानी कुठला! मी तसला न्हाई. मला चांगली वस्तू पायजे."

"चांद्या खातो का?"

"न्हाई. वैरनीला तोंड लावंना. ढेप ठिवली, हुंगली न्हाई. बरगड्या वर आल्यात." उत्रेश्वरनं तोंड फिरवलं. "पोळा झाला की बाजार दावनार हाय. जाऊ दे एकदाची पीडा. पन तवर मला झोप लागंल, ध्यान लागंल, असं कायतरी सांगा."

"अशा बैलाला बाजारात कोन घेतो, ठावं हाय ना?"

"हाय ठावं!"

येवढ्या जोरात वरडला, की मठाच्या कवलावरची पारवं उडाली.

महाराजानं पांढरा हेडफोन उचलला आन आपल्या जटांवर चढवला. डोळे मिटले.

"भजन लावू का?"

"बंदच असू दे."

...

उत्रेश्वर चुळबुळ करीत र्‍हायला. महाराजाची मुद्रा हालंना.

"येतंय," महाराज म्हनले.

"काय येतंय?"

"हंबरनं."

"वाटी बसली नसंल नीट. अशी दाबा." त्यानं दोन्ही हातांनी गाद्या दाबल्या.

"आता जास्त येतंय."

"आना हिकडं!" उत्रेश्वरनं हेडफोन वढून घेतला, आपल्या डोस्क्यात घातला. सोललेल्या कानाला गादी लागली तसा कळवळला. पन दाबून धरला.

आन ऐकू आलं. लांबनं, खोलातनं. चांद्याचं हंबरनं.

"बघा! बघा, आत शिरतंय का न्हाई! म्हनून म्हनतो, ह्यो न्हाई कामाचा, ह्याच्यापरीस चांगला..."

महाराजानं त्याच्या डोस्क्यावरनं हेडफोन अलगद काढला.

"आता ऐक."

उत्रेश्वरनं कान दिला. गाव टेकडीच्या बुडाशीच. खालून पोरांचा कालवा आला. कुनीतरी हलगी शेकून बघत व्हतं. शिंगं रंगवायचा हिंगूळ घरात सापडंना म्हनून कुनाची तरी बाई करवादली, तेबी ऐकू आलं.

हंबरनं नव्हतं.

...

"चांद्या कवापासनं गप हाय?" महाराजानं इचारलं.

उत्रेश्वर आठवाय लागला. काल सकाळी पांढरा हेडफोन घालून तो गोठ्यात गेला व्हता. चांद्या भितीला टेकून बसलेला. मान भुईवर टाकलेली. तवा वाटलं, वस्तू झकास हाय, मर्दा, आवाज बंद झाला. दुपारी पुन्ना आवाज आला, तवा त्यानं हेडफोनलाच शिव्या घातल्या व्हत्या.

चांद्यानं कालपासनं हाकच दिली नव्हती. पल्याडनं मोरक्याबी गप व्हता.

आन त्याचं असं, की भ्या वाटलं की रागच यायचा.

"खेळ करता व्हय माझ्याशी?" तो ताडकन उठला. पांढरा हेडफोन उचलून वट्यावर आपटला. एक वाटी तुटून घरंगळत गेली. "तुमाला साधी वस्तू इचारली! सांगता येत नसंल तर न्हाई म्हना! गादी कशी पायजे येवढंच..."

"बस."

"न्हाई बसत!"

"बस रं, लेकरा. कान दुखतोय ना?"

आवाज चढला नव्हता. तरी उत्रेश्वर खाली बसला.

महाराजानं दोन बोटं वाटीत बुडवली. हळद-लोनी त्याच्या कानामागं लावलं. आदी झोंबलं. दात-व्हट खाल्ले त्यानं. मग थंड वाटाय लागलं. महाराज मळत र्‍हायले, सावकाश. गडी बैलाचा खांदा मळतो ना, अंगठ्यानं मुळापासनं वर, तसं. ह्या कानाचं झालं, मग त्या.

उत्रेश्वरच्या डोळ्यांत पानी उभं र्‍हायलं. झोंबलं म्हनून, का कशानं, त्याचं त्यालाबी उमगलं न्हाई.

खाली बघत व्हता म्हनून दिसलं. वाटीत लोनी कालवलेलं भरपूर, पन एका अंगाला आदीच बोटं बुडवल्याची खूण. महाराजानं त्याच्यासाठी लोनी वाटीच्या ह्या अंगानं घेतलं व्हतं, आन ही खूण पल्याडच्या अंगाला.

आन वट्याच्या कडंला, हेडफोनची तुटकी वाटी जिथं जाऊन थांबली व्हती, तिथं कापसाचे दोन बोळे पडले व्हते. पिवळे झालेले.

"महाराज... हे कुनाचं?"

महाराजानं हात धोतराला पुसले.

खाली गावात हलगी कडाडली. खांदमळनीला सुरवात झाली व्हती.

महाराज उठले. उत्रेश्वरच्या मानंवर हात ठिवला, बैलाच्या वशिंडावर ठिवत्यात तसा, आन सांजंला घरोघरी गोठ्यात म्हनत्यात तेच म्हनले,

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

उत्रेश्वरनं मान वर केली.

"हे तर जोडीला म्हनत्यात, महाराज. मी तर एकलाच हाय."

महाराज वाटी घिऊन आत निघाले व्हते. उंबऱ्यात थांबले.

"सकाळी त्योबी हेच म्हनला."