माजघरातली शिसवी जमीन

दाट धुक्यामुळे जिथे सकाळ नेहमीच उशिरा उजाडते, अशा डोंगरावरच्या एका गावात एक मधाचा व्यापारी राहत होता. घरात तो, त्याची बायको आणि म्हातारी आई. नवरा लवकर गेल्यावर याच आईने रानातला मध डोक्यावरून बाजारात नेऊन विकला आणि मुलाला वाढवलं. आता तिचे पाय थकले होते.

माजघराची जमीन शेणाने सारवलेली होती. पावसाळ्यात तिला ओल आली की ती हिवाळा संपेपर्यंत हटत नसे. म्हातारीचे पाय दगडासारखे गार पडत. सून तळव्यांना तेल चोळी, शेक देई, पण पाय पुन्हा जमिनीला टेकले की पहिले पाढे पंचावन्न. शेवटी वैद्याने व्यापाऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "यांचे पाय ओलीपासून आणि गारठ्यापासून दूर ठेवा. आणखी एक हिवाळा असा काढला, तर त्या पुढचा पाहणार नाहीत."

मुलाचं आईवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. होतं. म्हणून तर त्याने त्याच दिवशी माजघरात लाकडी जमीन करायचं ठरवलं आणि आईला बैलगाडीत बसवून तो डोंगराखालच्या लाकडाच्या वखारीत घेऊन गेला.

वखारवाल्याने वेगवेगळ्या लाकडांच्या फळ्या अंगणात मांडून दाखवल्या. म्हातारीने वहाणा काढल्या आणि काठी टेकत ती एकेका फळीवर अनवाणी उभी राहून बघू लागली. फणसाच्या एका पिवळसर, जराशा खडबडीत फळीवर ती चढली ती उतरेचना.

"ही पायाला ऊबदार लागते," ती म्हणाली. "काठीसुद्धा सरकत नाही. हीच घे, बाळा."

बाळाची नजर मात्र शिसवीवर खिळली होती. काळपट, तुकतुकीत फळ्या, आतून जांभळ्या रेषा. तेल पाजलं की यात तोंड दिसेल, असं वखारवाला म्हणाला आणि तेवढ्यावर आमचा व्यापारी विरघळला. आईने हळूच सांगून पाहिलं की हिच्यावर पाय ठरत नाही. त्यावर तो हसला आणि म्हणाला की जन्मभर शेणावर चाललीस, आता जरा राणीसारखी चाल. म्हातारीने वहाणा पुन्हा पायात घातल्या. मुलगा आपल्यासाठी एवढं करतोय आणि आपण त्यात खोट काढावी, हे तिला बरं वाटेना.

सुतार कामाला लागले तशी म्हातारीची खाट पडवीत हलवली. पडवीला एका बाजूला भिंत नव्हती, तिथे तरट टांगलं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मुलगा म्हणाला.

जमीन तयार झाली आणि गाव बघायला लोटलं. कुणी वाकून हात फिरवला, कुणी तिच्यात बघून मिशी सारखी केली. व्यापाऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. गर्दी ओसरल्यावर म्हातारीही काठी टेकत उंबऱ्यापाशी आली. काठीच्या टोकाला लोखंडी टोपी होती. ती टोपी त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिली.

"आई, थांब जरा," तो म्हणाला. "तेल अजून मुरायचंय."

"मुरू दे," ती म्हणाली आणि मागे वळली.

तेल मुरलं. मग दूरचे मोठे व्यापारी यायचे होते. मग दसरा आला, दिवाळी आली, पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली. बायको एकदा म्हणाली की काठीला मी चिंधी बांधते, सासूबाईंना आत घेऊ. तर तो म्हणाला, चिंधी सुटली तर जमिनीवर चरे पडतील, आणि आई घसरून पडली तर केवढ्याला पडेल? घसरण्याची ही काळजी त्याला वखारीत मात्र वाटली नव्हती. बायकोने पुढे बोलायला हवं होतं. तीही बोलली नाही.

पडवीतून म्हातारीला उघड्या दारातून जमीन दिसायची. कुणी भेटायला आलं की ती कौतुकाने सांगायची, "माझ्यासाठी केलीय पोरानं." ऐकणाऱ्याला तिच्याकडे बघवत नसे.

मग थंडी पडली. तरटातून वारा आत येई. म्हातारीचे पाय सुजले, छाती भरली आणि एके दिवशी बोलणं थांबलं. वैद्याने नाडी पाहिली आणि तिचा हात खाली ठेवला.

त्या गावची रीत अशी, की शेवटच्या घटकेला माणसाला खाटेवर ठेवत नसत. माजघरात जागा शेणाने सारवून तिथे खाली निजवत. शेजारची एक वृद्ध बाई म्हणाली, "आता वेळ लावू नका. माजघर सारवा आणि हिला आत घ्या. स्वतःचं घर असताना पडवीत जीव जाऊ नये."

जमलेले सगळे त्या चकचकीत जमिनीकडे बघत राहिले. कुणाचा पाय उचलेना. तेव्हा व्यापारी स्वतः उठला आणि गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन आला. ज्या जमिनीवर त्याने पाण्याचा थेंब पडू दिला नव्हता, ती तो दोन्ही हातांनी सारवू लागला. तेल पाजलेल्या लाकडावर शेण धरेना. तो रडत होता आणि पुन्हा पुन्हा सारवत होता.

आईला उचलून तिथे निजवलं. तो तिच्या पायाशी बसला आणि तिचे तळवे त्याने हातात घेतले. ते गार होते.

"आई, ही बघ तुझी जमीन," तो म्हणाला. "आत आलीस बघ तू."

तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. दिवेलागणीच्या आत ती गेली.

सुतक फिटल्यावर सुतार आला आणि म्हणाला की शेणाचा डाग घासून काढतो, जमीन पुन्हा पहिल्यासारखी चकाकेल. व्यापाऱ्याने त्याला परत पाठवलं. पुढे त्या जमिनीवरून लोक वहाणा घालून गेले, तिच्यावर चरे पडले, मध सांडला, पण तो कुणाला काही बोलला नाही. डागाच्या जागेवर मात्र त्याने कधी पाय ठेवला नाही.

तात्पर्य: माणसाच्या सुखासाठी आणलेली वस्तू त्याच माणसापासून जपत बसू नये, कारण वस्तू थांबते, माणूस थांबत नाही.