नवी गाडी गळत नाही

“मग डिझेल जातं कुठे, उस्ताद? हवेत?”

बाळासाहेब धुमाळ विचारत नव्हते, ओरडत होते. फोंडाघाटाच्या पायथ्याला याकूब उस्तादांचं गॅरेज. तिथे चहा पीत बसलेल्या दोघा-चौघांनी पेले खाली ठेवले.

उस्ताद बाकावरून उठले नाहीत. धुमाळ एके काळी याच गॅरेजात पाने पुसायचे. गाडी शिकले तेही इथेच, उस्तादांच्या शेजारी बसून. आता दारात उभा होता तो त्यांचा स्वतःचा, कोरा करकरीत ट्रक.

“बस, बाळ्या.”

“बसायला आलेलो नाही. ह्याला विचारा!”

ह्याला म्हणजे निवृत्ती गुरवला. तो त्या गाडीचा ड्रायव्हर. चाकाशी उभा होता, मान खाली.

“नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पार पडलंय! कंपनीचा माणूस लॅपटॉप लावून गेला, एक दोष दाखवला नाही. मग उरलं कोण? तुम्ही नुसतं म्हणा, नवी गाडी एवढं पीत नाही. तुमचा शब्द घाटात चालतो. मग ह्याच्या हातात कोण स्टिअरिंग देतो ते मी बघतो.”

निवृत्तीने एकदा वर पाहिलं. घरी बायको नुकतीच बाळंत झालेली.

...

पहिल्या बाळाच्या अंगावर चट्टा उठला, की आई आधी विचारते, ह्याला घेतलं कोणी होतं? चट्टा नंतर बघते. हे घरोघरी दिसतं. गाडीमालकाचंही तसंच होत असावं.

“टाकीतलं डिझेल तुला मोबाइलवर दिसतं ना?” उस्तादांनी विचारलं.

“दिसतं की! म्हणून तर पकडला.”

“ते उभ्या गाडीत कमी होतं, का चालत्या?”

धुमाळांनी मोबाइल काढला. बोटाने वर सरकवलं, खाली सरकवलं. आवाज जरा उतरला.

“...चालत्या.”

“म्हणजे हा टाकीवर बसून गाडी हाकतो, आणि जाता जाता बादली भरतो.”

चहा पिणाऱ्यांपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं. धुमाळांचे कान लाल झाले.

“थट्टा करू नका, उस्ताद. न्याय मागायला आलोय मी.”

“न्याय माझ्याकडे नसतो. खाली जाऊन येतो.”

उस्तादांनी पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

बाहेर आले ते हात झटकत.

“स्वच्छ आहे.”

“मग! डाग पडू देत नाही मी गाडीला.”

“सगळी नाही. चासीवर, अ‍ॅक्सलवर घाटाची लाल माती बसलीय. एकटा गिअरबॉक्स लख्ख आहे. देव्हाऱ्यातल्या समईसारखा.” उस्ताद वळले. “निवृत्ती, फडकं दाखव.”

निवृत्ती हलला नाही.

“दाखव, बाबा.”

त्याने सीटखालून फडकं काढलं. काळं, तेलाने जड झालेलं.

“बघा!” धुमाळ उसळले. “लपवत होता! उस्ताद, तेल गळतंय आणि हा पुसतोय! चोर नाही तर काय म्हणायचं ह्याला?”

आता मात्र निवृत्तीने मान वर केली.

“पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मालक. गिअरबॉक्सच्या मागनं तेल येतंय म्हणून. तुम्ही म्हणालात, नवी गाडी गळते होय रे? दगडावर आपटलीस तू. चार माणसांत माझी आई काढलीत. वर म्हणालात, गाडीखाली परत डाग दिसला तर दारात उभा राहू नकोस.” त्याने फडकं मुठीत आवळलं. “मग डाग दिसू दिला नाही.”

“आणि गिअर?” उस्तादांनी हळूच विचारलं.

“तेल कमी झालं, आता टॉप टिकत नाही. टाकला की निसटतो. खालच्यावरच रेटतोय, सपाटीला पण. इंजिन बोंबलतं... डिझेल लागणारच.”

“हे का नाही बोललास?” धुमाळ.

निवृत्तीने हातातलं फडकं त्यांच्यासमोर धरलं.

“सगळं रचून सांगतोय हा! तेल अडवणारं सील काय आपोआप जातं? नव्या गाडीचं?”

“जातं. नवं म्हणून कुणी अमर होत नाही,” उस्ताद म्हणाले. “पण माझ्या तोंडून नको. तू खाली जा.”

“मी?”

“पोतं आहे.”

धुमाळांनी आपल्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. मग चहा पिणाऱ्यांकडे. ते सगळे एकदम कुठेतरी दुसरीकडे बघू लागले.

शेवटी ते आडवे झाले. सरकताना कण्हले, पोट आडवं येत होतं.

उस्तादांनी चाकांना दगड लावले आणि निवृत्तीला खूण केली. “न्यूट्रलवर ठेव. चालू कर.”

इंजिन घुमू लागलं.

...

...

मग धुमाळ बाहेर आले. सदऱ्यावर, बरोबर छातीपाशी, तेलाचा थेंब पसरत होता. ते उभे राहिले आणि पुन्हा भडकले. दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

“म्हणजे मीच मूर्ख! कंपनीवाला गप्प, हा गप्प, वॉशिंगवाला आठवड्याला खाली पाणी मारतो तोही गप्प! एवढी माणसं माझ्या जिवावर जगतात, आणि एकालाही खरं सांगावंसं वाटलं नाही?”

निवृत्तीने इंजिन बंद केलं.

उस्ताद बाकावर जाऊन बसले. गार झालेला चहा उचलला.

“सांगितलं की, बाळ्या. गाडीने सांगितलं. ती एकटीच तुला घाबरत नाही.”