थरथर कोणाची?

पुढच्या दोन्ही चाकांचे ॲक्सल नवे टाकले, तरी शालनमावशींच्या जुन्या एसयूव्हीने ऐंशीचा वेग गाठला की स्टिअरिंग थरथरायचंच. मावशी वैतागून तिसऱ्यांदा गॅरेजवर गेल्या, तर मालक भाऊशेठ खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"मावशी, गाडी ठणठणीत आहे. थरथरतात ते तुमचे हात. वय झालं आता!"

"असं होय? मग तुम्हीच चालवून दाखवा. उठा!"

हायवेवर काटा ऐंशीला टेकला आणि स्टिअरिंगवरची शेठची बोटं अंगठ्यांसकट नाचू लागली. शेजारी बसलेल्या मावशी कळवळून म्हणाल्या, "अगंबाई, माझं दुखणं तुम्हालाही लागलं की हो! आता सांगा शेठ, औषध आपण दोघांनी घ्यायचं, की गाडीला द्यायचं?"

शेठनी गाडी गॅरेजकडे वळवली.