तक्लाचा दगड

इराणातल्या झाग्रोसच्या डोंगरात एका खेड्याखालून ओढा वाहतो. त्याच्या मावळतीच्या काठावर एक सपाट, ऐसपैस दगड आहे. लोकर धुवायला याहून सोयीची जागा नाही. सकाळचं कोवळं ऊन थेट तोंडावर येतं. तरी तिथे कुणी बसत नाही. बायका पलीकडच्या खडबडीत काठावर, उगवतीकडे पाठ करून, कुडकुडत लोकर धुतात. पाहुणे कारण विचारतातच. मग गावातले म्हातारे इसहाक आधी त्यांना खाली बसवतात. ही गोष्ट उभ्याउभ्या ऐकायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

फार जुन्या काळी इथे शूशन आणि तिची धाकटी बहीण तक्ला राहत असत. दोघींनी येशूच्या नावाने लग्न न करण्याचं व्रत घेतलं होतं. लोकर धुवावी, कातावी, आल्यागेल्याला भाकर घालावी, असं त्यांचं चाललेलं. त्यात इराणच्या बादशहाने ख्रिस्ती लोकांवर डूख धरला. हुकूम सुटला, की उगवत्या सूर्यापुढे वाकेल तो सुटेल, न वाकेल तो मरेल. दोघी बहिणींनी हातात हात घेऊन शपथ घेतली, म्हणे, की जायचं तर दोघींनी.

शिपाई भल्या पहाटे आले. बहिणी याच दगडापाशी लोकर धूत होत्या. सरदाराने दोघींना उगवतीकडे तोंड करून उभं केलं. शूशन ताठ उभी राहिली. तक्लाही राहिली. एवढं तरी तिच्या पदरात घालायला हवं. डोंगरावर सूर्याची कड दिसली आणि नेमकी तेव्हाच दगडावरची ओली लोकर घसरून पाण्यात पडली. लोकरीत जन्म गेलेल्या बाईचा हात अशा वेळी मनाला विचारत नाही. तक्ला झटकन वाकली.

“ही शहाणी निघाली,” सरदार म्हणाला. “सोडा हिला.”

एका वाक्याचं काम होतं. पण ते बोलावं तर मरण, आणि गप्प राहावं तर जगणं. लोकर छातीशी धरून तक्ला गप्प राहिली. शूशनने बहिणीला वाकताना पाहिलं होतं, लोकर पडताना पाहिली नव्हती. तरी तिने बोल लावला नाही. शिपाई तिला घेऊन निघाले, तेव्हा जाता जाता एवढंच म्हणाली, “पाणी गार आहे. फार वेळ बसू नकोस.”

या मायेनेच तक्लाला मारलं, असं इसहाक म्हणतात. शिवी तिने सोसली असती. थोड्या वेळाने ती भानावर आली आणि वाटेने धावत सुटली. सरदाराच्या गढीखालच्या माळावर पोचली, तोवर शूशनला मारलं होतं. तिने सरदाराला गाठलं, आपण सूर्यापुढे वाकलोच नव्हतो असं सांगितलं. तो कंटाळला होता. तुझा निवाडा झाला, घरी जा, म्हणाला.

ती घरी आली आणि म्हातारी होऊन मेली. मरणाची भीती तिची त्याच दिवशी गेली होती, पण आता ते मरण कुणी द्यायला तयार नव्हतं. बहीण आपल्याबद्दल काय समजून गेली, याचं दुःख मात्र शेवटपर्यंत उरलं. त्या दगडावर ती पुन्हा बसली नाही. गावातल्या पोरींना तिने लोकर धुवायला शिकवलं ते पलीकडच्या काठावर, आणि धुण्याआधी काय म्हणायचं तेही शिकवलं.

आजही त्या गावची बाई पाण्याकडे वाकण्याआधी, जवळ कुणी असो वा नसो, मोठ्याने सांगते, “शूशन, मी लोकरीसाठी वाकतेय गं.”