पाचशे दुलया

फार पूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याशी, करंजनगरात, वीरकेतू राजा राज्य करत होता. त्या काळात बोधिसत्त्वांनी नगरामागच्या डोंगरावर, घोंगड्या विणणाऱ्यांच्या वस्तीत जन्म घेतला होता. नाव होतं खेमक. या जन्मी ना मुकुट, ना सोनेरी शिंगं. थोडी मेंढरं, एक माग आणि विणायला बसला की बोटांना चिकटणारी चिंचोक्याची खळ, एवढाच त्याचा संसार.

खाली नगरात नंदिला नावाची शेठाणी राहायची. चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, आणि दुसऱ्याने हसायच्या आत स्वतःच स्वतःला हसून घेणारी. तिच्या नवऱ्याने समुद्रावरच्या व्यापारात पुष्कळ मिळवलं होतं. मरताना तो तिला म्हणाला, "यातलं निम्मं लोकांना दे." कसं द्यायचं, ते सांगायला काही त्याला वेळ मिळाला नाही. नंदिला म्हणायची, "आमच्या ह्यांचं कायमचंच असं. काम सांगायचं आणि निघून जायचं."

करंजनगरात एक रीत होती. पौषातल्या पुनवेला राजवाड्यासमोर सगळं नगर जमायचं, आणि वर्षभरात कोणी काय दान केलं त्याचा पुकारा व्हायचा. शंभर वस्तू दिल्या की ढोलावर एक ठोका. ज्याच्या नावाला जास्त ठोके, त्याच्या पेढीवर लोकांचा विश्वास जास्त. त्यामुळे नगरातली माणसं मोजता येईल असंच दान करत. कोणाला धीर देणं, कोणाचं ऐकून घेणं असल्या भानगडीत कोणी पडत नसे, कारण त्याचे ठोके कसे धरायचे?

नंदिला तीन वर्षं डोंगरावरच्या आणि पायथ्याच्या गावांतल्या लोकांना कापसाच्या दुलया वाटत होती. उत्तरेकडून येणारा गोपिल नावाचा सार्थवाह त्या दुलया बैलांवर लादून आणायचा. मऊ, रंगीत, कडेला वेलबुट्टी. गेल्या वर्षी तिच्या नावाने तीन ठोके पडले. त्या दिवशी घरी जाताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि तिच्या अंगलटीकडे बघता ही काही लहानसहान गोष्ट नव्हती.

यंदा तिने पाचशे दुलयांचा बेत केला. पाच ठोके आजवर कोणाच्याच नावाने पडले नव्हते. गोपिल अंगणात बसून पान लावत होता. परवा सकाळी त्याचे बैल उत्तरेकडे निघणार होते. त्याआधी शेठाणीने शब्द द्यायचा, म्हणजे पौषापर्यंत माल आला असता.

तेवढ्यात दाराशी खेमक येऊन उभा राहिला. नंदिलाने ओळखीचं हसून विचारलं, "काय रे, यंदाची दुलई आत्तापासूनच? जरा दम धर. सगळ्यांना मिळणार आहे."

"मला दुलई नकोय, आई."

"मग? काही अडचण?"

"अडचण आहे. तुम्ही यंदा दुलया वाटू नका, एवढंच मागायला आलोय."

गोपिलच्या हातातलं पान तसंच राहिलं. नंदिलाच्या दारात आजवर माणसं मागायला आली होती, आणखी मागायला आली होती, कमी मिळालं म्हणून कुरकुरायला आली होती. देऊ नका म्हणून कोणी आलं नव्हतं.

"का? मऊ नाहीत?" तिने विचारलं. लागलं होतं तिला, पण तिने ते दाखवलं नाही.

"फार मऊ आहेत. तुम्ही वर येऊन बघाल का? ढोल-ताशा न घेता. मी सांगितलेलं तुम्हाला खरं वाटणार नाही."

गोपिल हसला. "शेठाणीबाई, याला घोंगड्या विकायच्यात. दुसरं काय?"

"तेही खरंच आहे," खेमक शांतपणे म्हणाला.

या उत्तराचं नंदिलाला नवल वाटलं. विकायला आलेला माणूस ते इतक्या सरळ कबूल करत नाही, हे तिला नवऱ्याच्या पेढीवर बसून चांगलं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याबरोबर डोंगर चढायला निघाली. वाटेत ती सात वेळा बसली. "दान करायला पालखीतून यायचे," ती धापा टाकत म्हणाली, "तेव्हा हा डोंगर एवढा उंच नव्हता."

वस्ती समोर आली, तेव्हा ती येतेय हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून तिला वस्ती जशी होती तशी दिसली. तिची निळ्या वेलबुट्टीची दुलई एका शेळीखाली अंथरलेली होती. दुसरी दाराला पडदा म्हणून लावली होती, तिच्या खालच्या कडेला काळी बुरशी चढली होती. तिसरी उकिरड्यावर होती, आणि तिच्यातला कापूस कोंबड्या उपसत होत्या.

एका झोपडीतून मल्ली आजी चाचपडत बाहेर आली. तिला आता जेमतेम उजेड-अंधार कळायचा. कोणीतरी तिच्या कानात शेठाणी आल्याचं सांगितलं. आजी लगबगीने आत गेली, एक घडी केलेली दुलई घेऊन आली आणि भर उन्हात अंगावर ओढून बसली.

"फार ऊब आहे हो, आई," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

नंदिला तिच्याजवळ बसली. "आजी, खरं सांगा. थंडीत काय पांघरता?"

आजीने खेमकच्या दिशेने तोंड केलं. तो म्हणाला, "सांग, आजी."

"घोंगडी," आजी म्हणाली. "सासूची आहे. आता जाळी झालीय तिची. पण धुकं आलं तरी पाणी वरच्यावर निथळतं. ही तुमची भिजली की आठ दिवस सुकत नाही. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही ढोल वाजवत येता, तेव्हा आम्ही सगळे ती काढून बसतो. एवढ्या लांबून येता, तुमचं मन कशाला मोडायचं?"

म्हणजे तीन वर्षं दान कोण कोणाला करत होतं, असा एक विचार नंदिलाच्या मनात येऊन गेला.

खेमकने तिला आपला माग दाखवला. जमिनीत पाय सोडून बसायला खणलेला खड्डा होता. त्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि आपल्या घरात परके लोक का आलेत अशा नजरेने ती दोघांकडे बघत होती.

"पूर्वी खालच्या बारा गावांतले लोक धान्य घेऊन यायचे आणि घोंगडी न्यायचे," खेमक म्हणाला. "एक घोंगडी वीस वर्षं जाते. आता दर हिवाळ्यात त्यांच्याकडेही दुलई फुकट येते. सहा महिन्यांत फाटली तरी पुढची येणारच असते. मग धान्य कोण मोडेल? वस्तीत चौदा माग आहेत. सगळ्यांत कोंबड्या बसल्यात."

बाहेर वाड्यात मेंढरं होती. पुष्कळांच्या पाठीवर गेरूची ताजी बोटं ओढलेली होती.

"ही खूण कसली?"

"विकायला काढली त्यांची. परवा व्यापारी न्यायला येतोय. मेंढरं गेली की आम्हीही उतरणार. नगरात हमाली मिळेल म्हणतात."

नंदिला खुणा केलेल्या मेंढरांकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी ही माणसं तिच्या दारात रांगेत उभी राहिली असती. तिने त्यांना दुलया दिल्या असत्या, आणि तिच्या नावाने सहावा ठोका पडला असता. चूक झाली की ती लगेच भरून काढायची तिला घाई असायची, तशी आत्ताही झाली.

"ठरलं," ती म्हणाली. "दुलया नकोत. तुमच्या सगळ्या घोंगड्या मी घेते. विणाल तेवढ्या. दुप्पट दाम देईन, आणि त्याच वाटीन."

वस्तीतली माणसं जमली होती. त्यांच्या चेहऱ्यांवर पहिल्यांदाच उजेड आला. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. खेमकनेही एकदा आपल्या घराकडे बघून घेतलं. त्याच्या घरातली कणगी तळाला लागली होती, आणि दुप्पट दामाची हाक डोंगरावर रोज येत नाही.

मग तो म्हणाला, "नको, आई."

मल्ली आजीने कपाळावर हात मारला. "मेंढरांआधी याची जीभ विकायला काढायला हवी होती."

लोक हसले, पण नाराजीने.

"तुम्ही घेऊन फुकट वाटल्यात," खेमक म्हणाला, "तर बारा गावांतलं कोणी माझ्याकडे येणार नाही. सबंध डोंगराला एकच गिऱ्हाईक उरेल. एका हिवाळ्यात तुम्हाला पडसं झालं की आमचे चौदा माग बंद."

"मग देऊच नको म्हणतोस? ह्यांनी सांगून ठेवलंय मला."

"द्या की. ज्याच्याकडे मोडायला धान्य नाही आणि विणायला हात नाहीत, त्याला द्या. वस्तीत अशी तीन घरं आहेत. ही आजी त्यातलीच. बाकीच्यांना काय हवंय ते विचारा. तीन वर्षांत तेवढं एक राहून गेलंय."

नंदिला बायकांकडे वळली. ज्या प्रश्नाने सुरुवात करायची, तो तिने शेवटी विचारला. "काय हवंय तुम्हाला?"

बायका आधी लाजल्या. मग एकीने सांगितलं, "चिंचोके."

"चिंचोके?"

"खळीला लागतात. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून सुताला खळ लावली नाही, तर सूत मागावर तुटतं. घाटाच्या तोंडाशी तुमचं चिंचेचं बन आहे ना, तिथून आम्ही वेचून आणायचो. मग तुम्ही ते साधूंच्या विश्रांतीसाठी दान दिलं आणि भोवती कुंपण घातलं."

नंदिलाला ते बन चांगलं आठवत होतं. बरोबर शंभर झाडं होती, म्हणून एक ठोका मिळाला होता.

"साधूंना चिंचोके कशाला लागतात?" तिने विचारलं.

"त्यांना नकोच आहेत. राखणदार गोळा करून जाळतो."

"आणि इतकी वर्षं तुम्ही हे मला सांगितलं नाही?"

ती बाई पदराशी चाळा करत म्हणाली, "तुम्ही द्यायला यायच्या. द्यायला आलेल्या माणसाला थांबवून आपलं रडगाणं कसं सांगायचं? आणि ढोलही जोरात असायचा."

नंदिला हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, ते तिने चढणीच्या घामाबरोबर पुसून टाकले.

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा गोपिल बैलांच्या झुली बांधत होता. तिने त्याला दुलया नकोत म्हणून सांगितलं. त्याने आधी ते थट्टेवर नेलं. मग त्याचा आवाज बदलला.

"शेठाणीबाई, तुमच्या भल्याचं सांगतो. पुनवेला तुमच्या नावाचा पुकारा झाला नाही, तर लोक काय म्हणतील? शेठ गेले आणि पेढी बुडाली, असंच म्हणतील. ठेवी काढून न्यायला दुसऱ्या दिवशी दारात रांग लागेल. एका विणकरापायी नवऱ्याचं नाव घालवणार?"

हे खरं होतं, म्हणूनच ते तिला लागलं. पेढी उभी होती ती विश्वासावर, आणि त्या नगरात विश्वास ढोलावर मोजला जायचा. पाचशे दुलया मागवल्या की नाव राहणार होतं. वर चौदा माग मोडणार होते, पण ते कोणाला ऐकू जाणार नव्हतं. ती ओट्यावर टेकली. तिच्या नवऱ्याने दे म्हणून सांगितलं होतं. ऐकवून दे, असं काही सांगितलं नव्हतं.

"तुझे बैल परतताना मोकळेच येऊ देत, गोपिल," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी बनाचं कुंपण निघालं. साधूंना बसायला सावली होती तशीच राहिली, फक्त आता झाडाखाली बायकांचं बोलणंही ऐकू यायला लागलं. खेमकने पहिली टोपली चिंचोके घरी नेले, कोंबडीला अंड्यांसकट उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडले. व्यापारी आला तेव्हा वस्तीतली माणसं मेंढरांच्या पाठीवरचा गेरू ओढ्यात धूत होती. तो चार शब्द बोलून परत गेला. दुलया येणार नाहीत ही बातमी बारा गावांत पोचायला पंधरा दिवस पुरले, आणि मार्गशीर्षात डोंगराच्या वाटेवर धान्याची पोती चढायला लागली.

पौषातली पुनव आली. राजवाड्यासमोर नावांचा पुकारा झाला. कोणाला दोन ठोके, कोणाला तीन. नंदिलाचं नाव आलं नाही. माना वळल्या, कुजबूज झाली. गोपिल म्हणाला होता तसंच झालं, दुसऱ्या दिवशी काही जण ठेवी काढून घेऊन गेले. नंदिलाने त्या एकही प्रश्न न विचारता परत केल्या. पेढी लहान झाली, पण बुडाली नाही. राहिलेलं दानाचं धन तिने उगाच उधळलं नाही. महिन्यातून एकदा ती एखाद्या वस्तीत पायी जाऊन बसायची आणि ऐकायची. एका वस्तीने ओढ्यावर साकव मागितला, तिथे साकव झाला. एका ठिकाणी लोक म्हणाले, आम्हाला काही नको, बसा, ताक घ्या. तिथून ती नुसती ताक पिऊन परत आली.

पण हे सगळं नंतरचं. त्या पुनवेच्या दिवशी पुकारा संपला, तेव्हा शेजारची सराफीण नंदिलाच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "यंदा काहीच दिलं नाहीत वाटतं?"

"नाही हो," नंदिला म्हणाली, आणि अंगावरची काळी, खरखरीत घोंगडी तिने नीट ओढून घेतली. "यंदा घेतलं. खेमकदादांकडून चार घेतल्या, तीन आजीसारख्यांच्या घरी दिल्या, एक मला. एक दाणाही कमी केला नाही त्यांनी."

तथागतांनी ही गोष्ट विहारात सांगितली, तेव्हा उपासिका पद्मिला समोर बसली होती. विहारात चिवरांची चवड छताला टेकलेली असताना ती आणखी शंभर चिवरं गाडीत घालून घेऊन आली होती. तथागत म्हणाले, "त्या वेळचा गोपिल म्हणजे आज तुझ्या गाडीपाशी उभा असलेला हा कापडवाला. मल्ली आजी म्हणजे अंगण झाडणारी ती थेरी भिक्षुणी. खेमक मी होतो. आणि नंदिला म्हणजे तू."

पद्मिला थोडी ओशाळून हसली. "म्हणजे मी तेव्हाही अशीच होते, भन्ते."

"अशीच होतीस. पण डोंगर चढून बघायला आली होतीस."

गाडी उतरवायची थांबवून पद्मिला उठली आणि झाडणाऱ्या थेरीजवळ जाऊन बसली. करुणेला जेव्हा विचारायचं सुचतं, तेव्हा तिला प्रज्ञा म्हणतात. त्या जन्मी बोधिसत्त्वांनी दाखवून दिली ती ही प्रज्ञेने केलेल्या दानाची पारमिता, म्हणजे परिपूर्णता.