विसावं पिल्लू

फार वर्षांपूर्वी दूर दक्षिणेच्या बर्फात पेंग्विनची वीस पिल्लं राहत. आईबाप मासे आणायला समुद्रावर गेले, की धवलामावशी त्यांना सांभाळायची.

एकदा निळसर धुक्यातून हळूहळू वादळ येऊ लागलं. मावशी एकेक पिल्लू मोजू लागली, पण पिल्लं सारखी जागा बदलत आणि तिची मोजणी चुके. शेवटी ती म्हणाली, "चार-चारच्या पाच रांगा करा रे!"

पाच चोक वीस व्हायला हवे होते. पण शेवटच्या रांगेत एक जागा मोकळी राहिली.

"ठेंगू कुठाय?" मावशी घाबरली.

ठेंगू बर्फाच्या ढिगाआड झोपला होता आणि त्याच्यावर भुरभुर बर्फ साचत होता. मावशीनं त्याला उठवून सगळ्यांच्या मधोमध उबेत घेतलं.

"मी सापडलो नसतो, तर एकोणीसच झाले असते ना?" त्यानं पेंगत विचारलं.

"नाही रे. आम्ही अजून शोधतच असतो," मावशी म्हणाली.